वास कमी म्हणजे निर्धोक? (सेलोसॉल्ववरून)

स्क्वीजीवाला
काल इथे एका दादांनी छपाईच्या स्क्रीन पुसायच्या द्रावकावरून लिहिलं, ‘ब्युटाइल सेलोसॉल्व पाण्यात मिसळतं, टोल्युइनसारखं उग्र वासाने डोक्यात जात नाही, स्क्रीन पुसायला हातमोज्यांचं नाटक कशाला?’ वाचून डोकंच फिरलं. अहो, ते ग्लायकॉल ईथर जातीचं, पाण्यातही मिसळतं आणि तेलकटातही, म्हणून तर शाई सुटते. आणि म्हणूनच कातडीतूनही आत जातं. १७१ अंशाला उकळणारी वस्तू, हळू उडते, म्हणून आपण शाई लवकर वाळू नये यासाठी रिटार्डर म्हणून घालतो. हातावरूनही तशीच हळू उडते. संध्याकाळी बोटांची पेरं पांढरी, भेगाळलेली दिसतात ती काय उगाच?

थिनरसम्राट
तो दादा मीच. २२ वर्षं उघड्या हाताने फ्रेमा पुसतोय. दोन पोरं, दोन्ही धडधाकट. ब्युटाइलने रक्तपेशी फुटतात ते उंदरांच्या. माणसाच्या पेशी त्याला फारशी दाद देत नाहीत, हे लिहायला विसरलात वाटतं.

प्रयोगशाळेतली
उंदरांचं बरोबर आहे, पण फक्त ब्युटाइलपुरतं. मिथाइल आणि इथाइल सेलोसॉल्व ही त्याचीच भावंडं, आणि घात तिथे आहे. दारू पचवणारं एन्झाइमच मिथाइलचं मिथॉक्सीॲसेटिक आम्ल करतं. ते शरीरातून निम्मं व्हायला सुमारे ७७ तास लागतात. सोमवारचं गुरुवारी रात्री निम्मं, तोवर मंगळवार-बुधवारचं वर साचलेलं. शुक्राणू, गर्भ, अस्थिमज्जा, तिन्हींवर घाला. अमेरिकेत नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९८३ सालीच इशारा दिला होता. पुढे तिथल्या गोदीतल्या रंगाऱ्यांमध्ये शुक्राणूंची संख्या कमी आढळली, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांतल्या बायकांमध्ये गर्भपात जास्त.

कराडचा_पाटील
ग्लायकॉल म्हणजे विषच. १९८६ ला मुंबईच्या जेजे रुग्णालयात औषधातून १४ माणसं गेली, विसरलात?

प्रयोगशाळेतली
पाटील, ते डायइथिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीनमधल्या भेसळीतून आलेलं. त्याचा घाला मूत्रपिंडांवर. हे प्रकरण वेगळं.

कराडचा_पाटील
वेगळं कसलं? चुकीचं रसायन बरोबर नावाने आलं, हेच ना? चौकशीला लेंटिन आयोग झाला, तरी आमच्या गल्लीत आजही निळ्या कॅनवर नुसतं खडूने ‘थिनर’. बिल मागितलं की दुकानदार तोंड वाकडं करतो.

थिनरसम्राट
दुकानदारांवर घसरू नका. माझंही दुकान आहे. सुटं घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करता, मग लेबल कुठून येणार?

कराडचा_पाटील
हां, आता कळलं हातमोजे का नकोत! दुकान चालायला पाहिजे ना!

थिनरसम्राट
जिभेला हाड आहे का? तुमच्या बापाचं खाऊन दुकान टाकलं नाही.

स्क्वीजीवाला
भांडा खुशाल. माझ्या मावसभावाचं सांगतो. नऊ वर्षं पेंट शॉपमध्ये फवारणी. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. वहिनीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नवस झाले, सासूची बोलणी झाली. भावाची तपासणी शेवटी, तीही वहिनी माहेरी जाऊन बसली तेव्हा. शुक्राणू जवळपास नाहीत. थिनरमुळेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या शॉपमध्ये कॅनवर काय लिहिलंय हे कुणी बघितलंच नव्हतं.

थिनरसम्राट
एका माणसाचा किस्सा म्हणजे पुरावा नव्हे.

स्क्वीजीवाला
तुमची दोन पोरंही नव्हेत.

थिनरसम्राट
बरं, जिंकलात. हातमोजे आणतो. दवाखान्यातले पातळ चालतील ना महाराणींना?

प्रयोगशाळेतली
नाही. लॅटेक्सचे पातळ झिरपतात, आणि आत ओल कोंडते ती वेगळीच. ब्युटाइल रबरचे बघा. आणि कॅनवरचा कॅस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, वाचा. १११-७६-२ असेल तर ब्युटाइल. १०९-८६-४ म्हणजे मिथाइल, ते दुकानात ठेवूच नका.

थिनरसम्राट
आत्ता गोडाउनमध्ये जाऊन आलो. चार कॅनवर १११-७६-२ आहे. पाचव्यावर नंबरच्या जागी पानाची पिचकारी. तो कॅन बाजूला काढलाय. पाटलांना फुकट हवा असेल तर सांगा.