रिलीजला बारा दिवस उरले असताना स्प्रिंग बूट 2.7 वरून 3 वर जावे का?

प्रश्न

नागपूरच्या आयटी पार्कमध्ये आम्ही पाच जण कळमना बाजारातील आडत्यांसाठी लिलावाच्या नोंदी आणि हिशोबपट्टीचे सॉफ्टवेअर तयार करतो. आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक सुरू होण्याआधी, म्हणजे बारा दिवसांत, नवी आवृत्ती द्यायची आहे. सर्व्हर जावा 11 आणि स्प्रिंग बूट (जावात सर्व्हर लिहिण्याची तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क) 2.7.18 वर चालतो. परवा सुरक्षा-स्कॅनर चालवला, तेव्हा स्नेकयॅमल 1.30 (यॅमल या मजकुरी स्वरूपातील सेटिंगच्या फाइल वाचणारी लायब्ररी) आणि टॉमकॅट (वेब सर्व्हर) या दोहोंपुढे लाल शेरे आले. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, एवीतेवी कोड उघडलाच आहे, तर थेट 3 वर जाऊन मोकळे व्हावे. मला धाकधूक वाटते. पण ती सावधगिरी आहे की नुसता आळस, हे मलाच ठरवता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर 1

धाकधूक रास्त आहे. 3 साठी जावा 17 लागते आणि 'जावाएक्स'ने सुरू होणारी बरीच पॅकेजेस 'जकार्ता' होतात. हे काम मोठे दिसते, पण त्यातील बहुतेक चुका कंपायलर स्वतःच दाखवतो. खरी भीती आहे ती बिनतक्रार कंपाइल होऊन नंतर अंगावर येणाऱ्या बदलांची.

त्यांपैकी दोन आपल्याला भोवू शकतात. पहिला असा की, पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ असली तरी 2.7 विनंती स्वीकारत असे. 3 मध्ये ती सवलत मुळात बंद असते आणि 404, म्हणजे 'पत्ता सापडला नाही' असे उत्तर मिळते. आडत्यांच्या फोनवरील जुने ॲप अशी रेघ लावत असेल, तर पहाटे गाड्या लागल्यावर प्रत्येकाला ॲप बदलायला कोण सांगणार? दुसरा बदल 3 सोबत येणाऱ्या हायबरनेट 6 चा (डेटाबेसमध्ये नोंदी ठेवणारी लायब्ररी). आयडी देण्याची पद्धत 'ऑटो' ठेवली असेल, तर पूर्वी सर्व टेबलांना मिळून एकच सीक्वेन्स (डेटाबेसमधील क्रमांक देणारा गणक) वापरला जाई. आता प्रत्येक एंटिटीसाठी, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या प्रत्येक क्लाससाठी, वेगळा शोधला जातो. तो नसेल तर सर्व्हर चालू होताना किंवा पहिल्या नोंदीला अडेल. घाईत कोणी 1 पासून सुरू होणारा नवा सीक्वेन्स तयार केला, तर जुन्या पट्ट्यांच्या क्रमांकांशी टक्कर होईल. रिकाम्या टेस्ट डेटाबेसवर यातले काहीच दिसत नाही.

स्कॅनरच्या शेऱ्यांचा विचार मात्र वेगवेगळा करावा. टॉमकॅट थेट बाहेरच्या जगाला तोंड देतो, म्हणून तो आजच सुधारावा: 9.0 याच मालिकेतील ताजी आवृत्ती पोम फाइलमधील (प्रकल्पाच्या लायब्ररींची यादी) एका ओळीने घेता येते. स्नेकयॅमलच्या गंभीर त्रुटीचा धोका अनोळखी यॅमल वाचताना असतो; आपण केवळ स्वतःची कॉन्फिगरेशन फाइल वाचत असाल, तर तो शेरा रिलीज होईपर्यंत थांबू शकतो.

उत्तर 2

वरील उत्तराशी सहमत आहे, पण 'थांबू शकतो' हा शब्दप्रयोग मला खटकतो. एक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या बाबतीत अपाचे स्ट्रट्स या वेब-फ्रेमवर्कची दुरुस्ती मार्च 2017 मध्ये उपलब्ध होती. ती वेळेत बसवली गेली नाही आणि सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली. स्प्रिंग बूट 2.7 चा मोफत आधार तर नोव्हेंबर 2023 मध्येच संपला आहे. तेव्हा 3 वर जाणे आता नको म्हणताना ते कधी, याची तारीख आजच लिहून ठेवावी, नाहीतर पुढच्या बहाराच्या तोंडावर आपण हाच प्रश्न पुन्हा विचाराल. शिवाय ते रिलीज निव्वळ अपग्रेडचे असावे. नव्या सोयी आणि नवे फ्रेमवर्क एकत्र गेले, की बिघाड कशामुळे झाला हे शोधण्यातच दिवस जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. 'आम्ही बाहेरचे यॅमल वाचतच नाही' असे लिहिणार होतो, पण त्याआधी कोड शोधला. वजनकाट्याच्या सेटिंगची फाइल आडत्याला अपलोड करता येते, आणि ती यॅमलच आहे! ही सोय दोन वर्षांपूर्वी मीच केली होती. आता 3 वर जाणे भागच आहे का?

उत्तर 1

मुळीच नाही. त्या एका ठिकाणी स्नेकयॅमलचा 'सेफकन्स्ट्रक्टर' (फक्त साधी मूल्ये वाचणारा पर्याय) वापरावा, म्हणजे फाइलमधून हवा तो क्लास उभा करता येणार नाही. सोबत स्नेकयॅमल 1.33 वर न्यावे, कारण अतिखोल रचनेची फाइल देऊन सर्व्हर पाडता येण्याच्या काही त्रुटी 1.30 नंतर दुरुस्त झाल्या. फाइलच्या आकारालाही मर्यादा घालावी. स्कॅनर तरीही लाल शेरा देईल, कारण तो आवृत्तीचा आकडा पाहतो, आपला कोड नाही. त्यापुढे कारण लिहून ठेवावे. आणि माझे 'थांबू शकतो' मी मागे घेतो.

प्रश्नकर्ता

सेफकन्स्ट्रक्टर, 1.33 आणि टॉमकॅट हे तिन्ही बदल आज वेगवेगळ्या कमिटमध्ये (कोडबदलाच्या स्वतंत्र नोंदींत) केले. उद्यापासून खऱ्या डेटाबेसच्या प्रतीवर गेल्या हंगामातील लिलाव पुन्हा चालवून पट्ट्या ताडून पाहू. 3 साठी आंबियाची आवक ओसरल्यानंतरचा आणि मृग बहाराच्या आधीचा जानेवारी महिना फळ्यावर लिहिला आहे.