सोरायसिससाठी पेप्टाइडच्या व्हायल घ्याव्यात का?

सातपूरकर
वडील ५८ वर्षांचे, वजन ७० किलो. कोपरं, पाठ आणि टाळूवर जाड चट्टे. मेथोट्रेक्सेट (दाह दाबणारं औषध) आठवड्याला १५ मिग्रॅ चालू आहे, तरी टाळू आटोक्यात येत नाही. कॉलेज रोडच्या एका जिममधून केपीव्ही आणि एलएल-३७ या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) व्हायल सुचवल्यात, पोटाच्या त्वचेखाली टोचायच्या. सोरायसिसवर पेप्टाइडची गोळी आल्याचंही वाचलं. ती हीच का?

पंचवटी_फार्मसी
नाही. एलएल-३७ तर उलट्या दिशेचं औषध. आपली त्वचाच ते बनवते आणि सोरायसिसच्या चट्ट्यात ते आधीच जास्त असतं. मेलेल्या पेशींच्या डीएनएला ते चिकटलं की डेंड्रिटिक पेशींना (शरीराच्या पहारेकरी पेशी) विषाणू आल्यासारखं वाटतं आणि त्या इंटरफेरॉन हे दाह भडकवणारं रसायन सोडतात. हे २००७ पासून माहीत आहे. आगीत रॉकेल कशाला?

केपीव्ही म्हणजे तीन अमिनो आम्लांचा तुकडा. पेशींवर आणि उंदरांत दाह कमी करतो. माणसाच्या सोरायसिससाठी डोस मात्र ठरलेला नाही. ५ मिग्रॅ पावडरीत २ मिली पाणी घातलं तर इन्सुलिन सिरिंजच्या १० युनिटांत २५० मायक्रोग्रॅम येतं, १ मिली घातलं तर ५००. म्हणजे पाणी चुकलं की डोस दुप्पट, आणि तोही व्हायलमध्ये खरंच ५ मिग्रॅ असेल तर. 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या मालात निर्जंतुकतेची हमी नसते. शिवाय सोरायसिसवाल्यांना सुई टोचली तिथेच नवा चट्टा उठू शकतो.

स्किन_ओपीडी
गोळीचं नाव आयकोट्रोकिन्रा. वलयात बांधलेलं पेप्टाइड, त्यामुळे पोटात लगेच पचून जात नाही. रक्तात फार थोडं पोचतं, पण आयएल-२३ (सोरायसिसचा दाह पेटता ठेवणारा संदेश) च्या रिसेप्टरला, म्हणजे तो संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या जागेला, इतकं घट्ट धरतं की तेवढं पुरतं. मोठ्या चाचणीत रोज २०० मिग्रॅ दिलं. १६ आठवड्यांनी सुमारे ६५ टक्के जणांची त्वचा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाली, औषध नसलेल्या गोळीवर ८ टक्के. जिमच्या व्हायलशी तिचा संबंध नाही.

तसं पेप्टाइड दुकानात केव्हाचंच आहे: सायक्लोस्पोरिन, ११ अमिनो आम्लांचं वलय. दर किलोला अडीच मिग्रॅच्या हिशोबाने ७० किलोला दिवसाला १७५ मिग्रॅ, दोन वेळांत विभागून. पण बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी आणि नंतरही तपासत राहावं लागतं. क्रिएटिनिन मूळ आकड्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं की डोस कमी. द्राक्षं खुशाल खा. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, त्याने रक्तातलं औषध वाढतं. हे स्वतःहून सुरू करायचं औषध नाही.

सातपूरकर
मग टाळूचं काय करायचं?

पंचवटी_फार्मसी
दादा, बहुतेक वेळा लोशन खपल्यांवरच राहतं, खाली पोचतच नाही. ३ ते ६ टक्के सॅलिसिलिक अॅसिडचं तेल रात्री लावा, सकाळी धुवा, सुटलेलं हलकेच विंचरा. नख लावू नका. खपल्या निघाल्या की डॉक्टरांना विचारून कॅल्सिपोट्रिऑल-बीटामेथासोन जेल रोज एकदा, ४ आठवडे. दोन्ही एकावर एक नको. सॅलिसिलिकने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं.

स्किन_ओपीडी
१५ मिग्रॅवर किती महिने झाले आणि सकाळी बोटं आखडतात का, हे दोन्ही डॉक्टरांना सांगा. सांधे धरले असतील तर उपचाराची दिशाच बदलते. बायोलॉजिकचा (दाहाचा ठराविक संदेश अडवणारी इंजेक्शनं) विषय निघाला तर आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी. तोवर मेथोट्रेक्सेट परस्पर बंद करू नका, आणि ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी.