हाय-स्ट्रंग म्हणजे अर्धी गिटार? मला हे अजिबात मान्य नाही

चिकारी:
परवा इथे एकाने हाय-स्ट्रंग, म्हणजेच नॅशव्हिल ट्यूनिंगबद्दल (गिटारच्या जाड तारा काढून सप्तकभर वरच्या पातळ तारा लावायच्या) लिहिलं होतं, "नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणजे ज्यांना बारा तारांची गिटार परवडत नाही त्यांचं खेळणं. खर्ज काढून टाकला की हातात उरतं ते मोठं युकुलेले." त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी बारा वर्षं सुगम संगीताच्या एका ग्रुपमध्ये दुसरी गिटार वाजवतोय. दुसरी, हे लक्षात घ्या. स्टेजवर गायक, पेटी, तबला, कीबोर्ड आणि पहिली गिटार. खाली डग्गा घुमतोय, कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस धरून बसलाय, पहिली गिटार ओपन कॉर्ड वाजवतेय. त्यात माझी 53 ची (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सहावी तार. साउंडवाला दर कार्यक्रमात माझा लो (खालचा आवाज) कापायचा, आणि लो कापला की पुठ्ठा खरवडल्यासारखा आवाज यायचा. दहा वर्षं मी हे सहन केलं.

दोन वर्षांपूर्वी घरातल्या जुन्या गिटारीला सहावी ते तिसरी या चार तारा पातळ लावल्या, एक सप्तक वर. पहिली-दुसरी होती तशीच. पहिलीपासून सांगायचं तर 10, 14, 9, 12, 18, 27. त्यानंतर साउंडवाल्याने माझ्या चॅनलला हात लावलेला नाही.

आणि हे युकुलेले नाही. ओपन सी धरून बघा. पाचवीवरचा सी आणि दुसरीवरचा सी एकाच सप्तकात येतात, अगदी एकच स्वर. चौथीवरचा ई आणि सुटी पहिली, पुन्हा एकच स्वर. मधली तिसरी सगळ्यांच्या वर. म्हणजे एका कॉर्डमध्ये दोन जोड्या वाजतात, तंबोऱ्याच्या जोडीसारख्या. तो आवाज एकदा कानात बसला की सुटत नाही.

खर्जप्रेमी:
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही.

साउंडवाला लो कापतो म्हणून तारा बदलल्या? दुसरी गिटार वाजवणाऱ्याने जागा सोडायला शिकायचं असतं. वरच्या तीन तारांवर वाजवा, सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, तळव्याने सहावी दाबून धरा. हे सगळं येत असताना कोणी चार तारा उपटून टाकत नाही. गिटारला खालचा ई आहे म्हणून ती गिटार आहे. एकट्या गिटारवर गाणं उभं राहतं ते त्या तारेच्या जोरावर.

आणि तंबोऱ्याचं नाव कृपा करून मध्ये आणू नका.

तिसऱ्या फ्रेटवर:
कॅपोने तेच होतं हे कोणी सांगितलं? सातव्या फ्रेटला कॅपो लावला तरी तारांचा क्रम तोच राहतो, जाड ते पातळ. इथे सगळ्यात उंच स्वर तिसऱ्या तारेवर, बरोब्बर मध्ये. त्यामुळे साधं बोटांनी वाजवलं तरी स्वर वर-खाली उड्या मारत येतात. पिंक फ्लॉइडच्या 1979 च्या अल्बममधलं 'हे यू' ऐका. त्यांच्या गिटारवाल्या डेव्हिड गिल्मरने तिथे सहावी तार तर दोन सप्तकं वर नेली आहे. तो आवाज कॅपो लावून काढून दाखवा.

परवडण्याचं म्हणाल, तर रोलिंग स्टोन्सना बारा तारांची गिटार परवडत नव्हती का? 'वाइल्ड हॉर्सेस'मध्ये मिक टेलरच्या गिटारवर याच तारा आहेत. नॅशव्हिलच्या स्टुडिओत रे एडेंटनसारखी मंडळी नुसती तिसरी तार वर चढवून रिदम वाजवायची, कारण मुख्य गिटारच्या पाठीमागून ती वेगळी ऐकू यायची. म्हणजे हे मुळापासून साथीचंच ट्यूनिंग आहे.

खर्जप्रेमी:
स्टुडिओत, जिथे बाकीच्या गिटार दुसरा कोणीतरी वाजवतोय. माझाच मुद्दा सिद्ध केलात. अर्धी गिटार, उरलेली अर्धी दुसऱ्याकडे.

नट-सॅडल:
दोघेही वाद्याकडे बघतच नाही आहात. या तारा लावल्या की एकूण ताण साधारण पाव हिस्सा उतरतो. मान मागे जाते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारा झणझणतात. मग लोक म्हणतात गिटार बिघडली. ट्रस रॉड (मानेतली लोखंडी सळई) थोडा सैल करा, दोन दिवस थांबा, मग बघा. 53 साठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत 27 ची तार बसवली की ती आत हलते. आणि सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) जाड तारांच्या हिशोबाने तासलेलं असतं, म्हणून सुटी तार सुरात लावली तरी दाबल्यावर स्वर किंचित उतरतो.

माझी स्वतःची गिटार अशीच गेली. एका दुकानात फक्त तारा बदलायला दिली होती. त्यांनी न विचारता नटच्या खाचा गोंद आणि भुकटीने भरल्या आणि पातळ कानसने पुन्हा कापल्या. परत साध्या तारा लावायला गेलो तर सहावी बसेना. हाडाचा नट होता, वडिलांनी घेऊन दिलेल्या गिटारीचा. दुकानदार म्हणाला, तुम्हीच हाय-स्ट्रंग म्हणाला होतात ना. पाच वर्षं झाली, तो नट अजून डबीत ठेवलाय. ज्यांना हा प्रयोग करायचाय त्यांनी नवा नट वेगळा कापून घ्या. जुन्याला हात लावू देऊ नका.

खर्जप्रेमी:
नट-सॅडल यांनी महत्त्वाचं सांगितलं. दाबल्यावर स्वर उतरतो. म्हणजे चिकारी ज्याला जोड म्हणताहेत त्यातला पाचवीवरचा सी दुसरीवरच्या सीपेक्षा खाली आहे. ती लहर येते ती दोन तारा सुरात नसल्यामुळे. तंबोऱ्याची जोड अशी नसते. माझ्या गुरुजींकडे सकाळी तंबोरा लावायला मला पाऊण तास लागायचा. मणी केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायचा. जोडीतल्या दोन तारा एक झाल्या की मगच जवारीचा (घोडीवर तारेखाली घालायचा) दोरा. झळाळी जवारीतून येते, बेसूरपणातून नाही. आणि खर्ज नीट लागला की त्यातून गांधार आपोआप ऐकू येतो, कोणी न वाजवता. तुमच्या वाद्यात खर्जच नाही, गांधार येणार कुठून?

भोपळ्याची नात:
हे वाचून राहवलं नाही. तंबोऱ्याबद्दल एवढं लिहिताय, पण आज किती जण तंबोरा लावतात? माझी आजी मिरजेची. तिचा तंबोरा आमच्या घरी आहे, भोपळ्याला गवसणी आहे, दर दसऱ्याला पूजा होते. क्लासमध्ये मात्र मुलं फोनवर ॲप लावून बसतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदनाचे मेसेज पाठवले. त्यातल्या कितींनी नवा तंबोरा घेतला? गिटारवाल्याने तारा बदलल्या तर राग येतो आणि फोनमधून तंबोरा वाजला तर नाही?

खर्जप्रेमी:
येतो, तितकाच येतो. पण दादरहून विरारला लोकलने कार्यक्रमाला जाणाऱ्या मुलीने साडेचार फुटी तंबोरा कुठे ठेवायचा?

भोपळ्याची नात:
आजी एसटीने न्यायची. मांडीवर आडवा धरून, सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत. कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागायचा आणि ती द्यायची.

तिसऱ्या फ्रेटवर:
विषय गिटारचा आहे.

भोपळ्याची नात:
विषय कान तयार कसा होतो याचा आहे. ॲपचा तंबोरा कधी उतरत नाही, म्हणून मुलांना उतरलेला स्वर ओळखताच येत नाही. मी शिकवते, रोज बघते. ज्याने कधी खुंटी पिळली नाही त्याला सूर सापडल्याचा आनंद काय कळणार? या बाबतीत मी चिकारींच्या बाजूने आहे. ते निदान रोज सहा तारा स्वतः लावतात.

खर्जप्रेमी:
ॲप लावून रियाझ करणारा बेसूर गातो हे मी मान्य करणार नाही. माझा मुलगा तसाच शिकलाय. त्याच्यावर येऊ नका.

भोपळ्याची नात:
तुमच्या मुलाबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. स्वतःला लावून घेऊ नका.

काळी चार:
मी गाते, म्हणून गाणाऱ्याच्या बाजूने सांगते. चिकारींचे गायक पुरुष असणार, काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणारे. ते खाली गातात, ही गिटार वर वाजते, मध्ये मोकळी जागा राहते. माझा सा काळी चारचा. माझा मध्य सप्तक जिथे आहे तिथेच सहावी सोडून या गिटारच्या सगळ्या सुट्या तारा आहेत. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात साथीला अशीच गिटार होती. अंतऱ्यात मी वरच्या सा कडे जायचे आणि त्याची तिसरी तार नेमकी माझ्या ओठांवर येऊन बसायची. मॉनिटरमध्ये मला माझा आवाज शोधावा लागला. मध्यंतरात मी त्याला साधी गिटार घ्यायला सांगितली, तो दुखावला. मला वाईट वाटलं, पण उत्तरार्ध नीट झाला.

शिवाय गिटारचा गांधार (सी कॉर्डमधला ई) शुद्ध गांधारापेक्षा 14 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो. खालच्या सप्तकात तो खपून जातो. माझ्या सप्तकात, तोही जोडीने वाजला, की टोचतो.

चिकारी:
आमचे गायक काळी एकलाच गातात. हे खरं आहे आणि मी ते आधी लिहायला हवं होतं. गायिका असल्या की मी काय करतो ते आठवून बघितलं. नकळत मी चौथीवरचं बोट उचलतो आणि पहिली दाबून धरतो, म्हणजे गांधार जातोच. तेव्हा तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय. गायिकेच्या साथीला मी यापुढे विचारूनच ही गिटार काढीन.

जोडीबद्दल मात्र मी हटणार नाही. माझं सॅडल मी पातळ तारांसाठी वेगळं तासून घेतलंय. दोन्ही सी एक होतात. या आणि ऐका.

मडगांवचो:
आमच्याकडे गोव्यात मांडो या गाण्याला व्हायोलिन, गिटार आणि घुमट. ठोका घुमटच देतो, त्याच्या मातीच्या पोटातून. माझे पापा गिटारवर खालच्या तारांवर चाल बांधायचे आणि घुमटवाला शेजारी तोंड पाडून बसायचा. ते गेल्यावर मी एकदा लग्नात पातळ तारांची गिटार नेली. घुमट पहिल्यांदा असा मोकळा ऐकला. म्हाताऱ्या मावशीने मात्र विचारलं, पापांची चाल कुठे गेली? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी काय सांगू. पावसात 9 ची तार आठ दिवसांत गंजते, हेही लिहून ठेवा.

खर्जप्रेमी:
तुमच्या मावशींचा प्रश्न तोच माझा प्रश्न.

चिकारी, सॅडल वेगळं करून घेतलंय हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतं तर मी बेसूर म्हटलं नसतं. तेवढा शब्द मागे घेतो. अर्धी गिटार हा नाही. घरी एक जुनी गिटार पडून आहे. तारा कुठल्या आणायच्या?

नट-सॅडल:
बारा तारांचा एक लाइट सेट आणा. त्यातल्या सप्तक-तारा वेगळ्या काढल्या की हाय-स्ट्रंगचा सेट तयार, उरलेल्या सहा दुसऱ्या गिटारला चालतात. त्यात तिसरी बहुधा 8 ची निघते. ती हळू चढवा, चेहरा बाजूला ठेवून. आणि नट कानसू नका.

खर्जप्रेमी:
आणला. पाच तारा लागल्या. तिसरी एफ-शार्पला तुटली, बोटाला लागली. सुटी 9 ची कुठे मिळते ते कळवा.