कसांद्रा घेऊ की अलेक्सिओस?

सांजवेळ: नवऱ्याने वाढदिवसाला 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा व्हिडिओ गेम घेऊन दिलाय. सुरुवातीलाच विचारतात, कोणतं पात्र घेऊन खेळणार, कसांद्रा ही बाई की अलेक्सिओस हा पुरुष? नंतर बदलता येत नाही म्हणे. आजवर मी पुरुष पात्रंच खेळत आले, कारण माझ्याकडच्या गेम्समध्ये दुसरा पर्यायच नव्हता. आता समोर आलाय तर हात अडतोय. गोष्टीत खरंच फरक पडतो का?

चकवा: संवाद जवळपास सारखेच आहेत, प्रेमप्रकरणंसुद्धा. पण दोघं बहीणभाऊ आहेत, आणि ज्याला तुम्ही निवडणार नाही तो गायब होत नाही, पुढे आडवा येतो. याहून जास्त सांगत नाही, मजा जाईल. कसांद्राच घ्या. तिला मेलिसांथी माहूत या अभिनेत्रीने दिलेला आवाज ऐकाच! या गेमवरच्या अधिकृत कादंबरीतही नायिका तीच आहे.

निवांत: ताई, मी २००७ च्या 'मास इफेक्ट' या गेमपासून त्यातला मुख्य पात्र शेपर्ड बाईच घेतोय. जेनिफर हेलच्या आवाजात ती आज्ञा देते तेव्हा अंतराळ जहाजावरचे सगळे निमूट ऐकतात, 'बाई असून' वगैरे भानगड नाही. मला तेच फार आवडतं. तासन्‌तास ज्याच्या पाठीमागून जग बघायचं, तो माणूस आपल्याला आवडला पाहिजे, बस.

सांजवेळ: कसांद्रा घेतली! गेम सुरू होतो त्या केफालोनिया बेटावर घरी चालून आलेल्या दोन गुंडांना लोळवलं. लेक शेजारी बसून बघत होती, आता तिलाही खेळायचंय. रक्तपात बराच आहे, म्हणून तिला 'पोकेमॉन' देणार. त्यात मुलगी निवडता येते ना?

चकवा: हो, २००० सालच्या 'पोकेमॉन क्रिस्टल' या गेमपासून.