टेबलावर पाचशे लक्स आहेत, डोळ्यांपर्यंत किती पोचतात?

वैजू_पुणे
आमच्या ऑफिसचं गेल्या दिवाळीत नूतनीकरण झालं. फॉल्स सीलिंगमध्ये ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर झाक असलेले पांढरेफटक एलईडी पॅनेल बसवले. पश्चिमेला भिंतभर काच आहे, पण दुपारी स्क्रीनवर ऊन येतं म्हणून पडदे सकाळपासूनच खाली. चार वाजले की निम्म्या टीमचं कपाळ ठणकायला लागतं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "टेबलावर पाचशे लक्स आहेत, नियमात बसतं." लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप. मी फोनवर मोजून पाहिलं, टेबलावर तेवढे आहेतच. मग फोन डोळ्यांपाशी उभा धरला, स्क्रीनकडे तोंड करून. दीडशेसुद्धा भरेनात. खाली चहाच्या टपरीवर, झाडाच्या सावलीत, आकडा हजारांत गेला.

डोळ्यांचं काम फक्त बघण्यापुरतं नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी स्वतःच उजेड ओळखतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात, हे डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये दाखवलं. या विषयातल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये सुचवलं की दिवसा डोळ्यांपाशी किमान २५० मेलॅनोपिक लक्स हवेत. म्हणजे त्या पेशींना जो निळसर उजेड जास्त जाणवतो, त्याला जास्त वजन देणारं माप. माझं म्हणणं एवढंच की ऑफिस आखताना आधी माणसं खिडकीच्या उजेडात बसवा, दिव्यांचं नंतर बघा.

फिटिंगवाला
ताई, वीस वर्षं ऑफिसांचं वायरिंग करतोय. तुमचं दुखणं खरं आहे, पण औषध चुकतंय. एप्रिलमध्ये पश्चिमेची काच उघडी ठेवलीत तर एसी दमेल आणि तीन वाजता तुमचेच लोक पडदे ओढतील. एकदा ओढलेला पडदा कोणी वर करत नाही, हे मी प्रत्येक साइटवर बघितलंय.

आणि ज्या ६५०० च्या पांढऱ्या उजेडाला तुम्ही नावं ठेवता, त्यातच निळा भाग जास्त. तेवढ्याच लक्सचा पिवळा दिवा लावलात तर तुमचं ते २५० आणखी लांब जाईल.

माझा संशय ड्रायव्हरवर आहे, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवर. स्वस्त पॅनेल सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतं. नजरेला दिसत नाही, डोक्याला कळतं. स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, पट्टे सरकताना दिसले की समजा. जुन्या ट्यूबच्या चोकचंही हेच होतं. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका ऑफिसात जास्त फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे लुकलुक कितीतरी पट वेगवान करणारे चोक वापरून पाहिले, तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून खाली आला. आधी ड्रायव्हर बदला. दिवसभर रंग बदलणाऱ्या महागड्या दिव्यांवर पैसे घालवू नका.

परळकर
फिटिंगवाले दादा, खिडकी आणि ऊन यांचा मेळ आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी घातलेला आहे. माझे वडील परळच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, काच उत्तरेकडे. ऊन जवळजवळ नाही, उजेड भरपूर. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १७ मध्ये तर खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा आणि डोळ्यांवर चमक येऊ देऊ नका, हेही लिहिलं. मालकाला तेव्हा धाग्याचा रंग दिसायला हवा होता म्हणून उजेड मिळाला. आज काम स्क्रीनवर आहे, म्हणून खिडकीची गरजच संपली असं धरून चाललेत. ते मला पटत नाही.

फिटिंगवाला
छपरावरची काच एकमजली शेडला चालते. पाचव्या मजल्यावर कुठून आणू? आणि त्याच गिरण्यांत कापसाची धूळ आणि उकाडाही होता, काका.

रात्रपाळी_सिस्टर
सगळे दिवसाचंच बोलताय. मी आयसीयूत रात्रपाळी करते. पहाटे तीनला इन्सुलिन भरताना सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसायला मला लख्ख पांढरा उजेडच लागतो. रात्री उजेड मंद करा हा नेहमीचा सल्ला तिथे धोक्याचा आहे. पण सरसकट लख्ख ठेवणंही चूक, त्याने शरीराचं घड्याळ बिघडतं. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्येही बहुधा कर्करोगकारक या गटातच ठेवलं. औषध काढायच्या टेबलावर झगझगीत दिवा आणि बाकी वॉर्ड मंद, एवढी साधी मागणी आम्ही केली. उत्तर आलं, सगळ्यांना एकच बटण आहे.

माधवकाका
एका बटणाचा त्रास मलाही आहे, उलट बाजूने. मी अठ्ठावन्नचा. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, आत उजेड कमी जातो. शेजारची मुलं डोळ्यांवर येतं म्हणून वरचं पॅनेल बंद करतात आणि मला व्हाउचरवरचा आकडा तीन की आठ ते कळत नाही. सरासरी पाचशे कोणाच्या कामाचे? मला माझा टेबललॅम्प द्या, बाकी भांडण नाही.

वैजू_पुणे
सिस्टर, तुमची बाजू माझ्या डोक्यातच नव्हती. काका, तुमचीही. पण दादा, पडदे कोणी वर करत नाही म्हणून खिडकीच सोडून द्यायची हे मी मान्य करणार नाही. सकाळी बारापर्यंत पश्चिमेला ऊन नसतंच.

फिटिंगवाला
ते मान्य. मग असं करा. खिडकीलगतच्या रांगेचं सर्किट वेगळं काढून घ्या, म्हणजे सकाळी तेवढे दिवे बंद ठेवता येतील. स्क्रीन खिडकीला काटकोनात फिरवा, पाठही नको, तोंडही नको. काकांना लॅम्प. खिडकीपासून लांब बसणाऱ्यांसाठी माझ्याकडे अजून उत्तर नाही. आणि स्लो मोशनचा व्हिडिओ उद्या घ्याच, पट्टे निघाले तर पॅनेलमागचा ड्रायव्हरचा नंबर इथे टाका.