दारुड्यांवर अनुदान कशाला? त्या पोस्टला उत्तर

बाळीवेसकर: काल एकाने इथं लिहिलं, "व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान बंद करा. दारुडा सुधारत नाही, संस्थाचालकाच्या दारात मात्र गाडी येते." डोकंच फिरलं.

माझा धाकटा भाऊ अनुदानावरच्या केंद्रात महिनाभर होता. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की आईने चहाची बशी त्याच्या ओठाला धरली. तिथल्या समुपदेशक बाईंना तेव्हा सात महिने पगार नव्हता. अनुदान यायचं तर आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ते कुठं खर्चले त्याचा दाखला, मग तपासणी, मग राज्याची शिफारस, मग दिल्ली. किराणावाला थांबतो का तोवर? एम्सच्या २०१९च्या अहवालात दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसलेतरी उपचार मिळालेले. आणि म्हणे बंद करा!

जुळे सोलापूरचा करदाता: पोस्ट माझीच. भावाचं वाईट वाटतं, पण तो पुन्हा प्यायला का, ते सोयीस्कर गाळलंत. मी हिशेब तपासण्यात ३० वर्षं घालवली. एका केंद्रात तपासणीला गेलो तर १५ खाटांवर १५ माणसं. दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो, तर चार. हजेरीवहीत सगळ्या सह्या एकाच हाताच्या.

बाळीवेसकर: प्यायला. दोनदा. आता चार वर्षं शिवला नाही. शुगर वाढली म्हणून पेशंटचं औषध बंद करता काय?

रात्रपाळी: सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर पोलिसांनी २०२१मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' केलं, हातभट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याला लावलं. चांगलंच झालं. पण पिणाऱ्याने जायचं कुठं? सरकारी मनोरुग्णालय म्हणजे येरवडा, अडीचशे किलोमीटर. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन लागतो, पण फोन काय रात्री उशाशी बसतो?

पूर्वभाग: दारू दारू काय लावलंय बे? तंबाखू व्यसन नाही? विडीवर जगणाऱ्या गावात त्यावर कोण बोलणार?

कुंभारीकर ताई: मी बोलते. आई दिवसाला हजार विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, रात्रभर खोकला. हजारातल्या काही कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं विडीवाल्या बायांचीच. दुसरं काम आधी द्या, मग शिकवा.

पूर्वभाग: विडी बंद करा असं मी कुठं म्हटलं? वाचता येतं का?

कुंभारीकर ताई: येतं की. तुम्हाला सूप धरता येतं?

पूर्वभाग: माझी आजी पण वळायची, मला सांगू नका. घशाच्या कॅन्सरने गेली ती, म्हणून विचारलं.

कुंभारीकर ताई: मग हे आधी लिहायचं ना.

करदाता: विषय अनुदानाचा होता, विडीचा नव्हे!

रात्रपाळी: काका, विडी वळणारीचा नवराच त्या १५ खाटांतल्या एका खाटेवर असतो. विषय तोच आहे.

करदाता: बरं बाबा, द्या अनुदान. पण हजेरी अंगठ्याच्या मशीनवर घ्या.

बाळीवेसकर: घ्या की, कोण नको म्हणतंय? पगार तेवढा वेळेवर करा. आणि त्या वहीवर तुम्ही शेरा काय मारलात?

करदाता: कडक मारला होता. फाईल वर गेली.

बाळीवेसकर: मग, थांबलं त्यांचं अनुदान?

करदाता: नाही. त्यांचं मार्चच्या आत जमा झालं.