मायनिंगच्या रिगमधलं ३०७० घ्यावं का?

साखळीचा_गेमर:
म्हापशाला एकाकडे आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड मिळतंय. रिगमध्ये, म्हणजे क्रिप्टो चलन मिळवायला रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रात चाललेलं आहे, हे त्याने स्वतःच सांगितलं. वॉरंटी संपलीय. २०२१ मध्ये हेच कार्ड घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार जवळजवळ दुप्पट भाव सांगत होता, वर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि मॉनिटर सोबत घ्यायची अट. तेव्हा भाव एवढे का भडकले? आणि आता हे घेतलं तर टिकेल का?

फोंड्याचा_सोल्डर:
मी कार्डं दुरुस्त करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बिटकॉइनचा यात संबंध नाही, ते एएसिक, म्हणजे फक्त त्याच कामासाठी बनवलेल्या यंत्रांवर निघतं. कार्डं पळवली ती इथेरियमने, म्हणजे इथर हे चलन ज्यावर चालतं त्या नेटवर्कने. त्याच्या मायनिंगला वेगवान मेमरी लागायची आणि ती ग्राफिक्स कार्डात असतेच. इथरचा भाव चढला तशी कार्डाची किंमत गेममधल्या फ्रेम्सवरून न ठरता, ते किती महिन्यांत पैसे फेडतं यावरून ठरू लागली. चिपचा तुटवडाही त्याच वेळी. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३०६० वर मायनिंगचा वेग निम्मा करणारं कुलूप घातलं आणि पुढच्याच महिन्यात ४७०.०५ बीटा ड्रायव्हरमधून चुकून स्वतःच उघडलं. शेवटी १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम प्रूफ ऑफ स्टेक या मायनिंगशिवाय चालणाऱ्या पद्धतीवर गेलं आणि कार्डांचं काम संपलं.

आता तुझं कार्ड. चिपची फार काळजी करू नकोस. जाणते मायनर पॉवर कमी ठेवूनच चालवायचे. झिजतात ते पंखे, वाळतात ते उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड. दोन्ही बदलता येतात. बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेलं असेल ही भीती आरएक्स ५८० सारख्या जुन्या एएमडी कार्डांना जास्त.

आपल्याकडे खरी भीती खाऱ्या हवेची. उघड्या फ्रेमवरची रिग, शेजारी खिडकी, अख्खा पावसाळा. किनाऱ्याकडच्या घरातलं एक कार्ड माझ्याकडे आलं होतं: चिप ठणठणीत, पण मेमरीशेजारच्या कपॅसिटरांची टोकं हिरवी पडलेली. टॉर्च घेऊन जा. मागची पट्टी गंजलेली किंवा हीटसिंकच्या कडांना पांढरी पूड दिसली तर हात लावू नकोस.

पेडणेकर_पीसी:
नवीन ४०६० चाही विचार कर. थोडं मागे पडेल, पण वॉरंटी मिळते आणि ११५ वॉटमध्ये भागतं. ३०७० ला २२० लागतात, तुझा एसएमपीएस तेवढा दमदार आहे का?

साखळीचा_गेमर:
एसएमपीएस ६५० चा आहे. शनिवारी बघायला जातो. कार्डावर ताण टाकून बघणारी फरमार्क टेस्ट किती वेळ चालवू?

फोंड्याचा_सोल्डर:
वीस मिनिटं पुरे, पण त्याने मेमरीचं कळत नाही. ओसीसीटी या प्रोग्राममधली व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) टेस्ट लाव. एक जरी एरर आली तरी फुकट दिलं तरी घेऊ नकोस.